चौथं पाकीट

मुंबई महापालिकेचं बांधकामाचं टेंडर तीन पाकिटांत भरावं लागतं. 'अ' पाकिटात बयाणा रक्कम भरल्याचा पुरावा. 'ब' पाकिटात आपण कोण, आजवर काय काय बांधलं आणि कोणाच्याही काळ्या यादीत कसे नाही याचे दाखले. आणि 'क' पाकिटात दर. हल्ली सगळं ऑनलाइन असल्यामुळे कागदाचं पाकीट कुठेच नसतं. तरीही त्यांना पाकिटंच म्हणतात. पाकिटाविना सरकारी काम ही कल्पना अजून कोणाच्या पचनी पडलेली नाही.

मला लिहायचं आहे ते चौथ्या पाकिटाबद्दल. आता 'चौथं पाकीट' म्हटल्याबरोबर वाचकाच्या चेहऱ्यावर जे जाणतं हसू उमटलं, ते मला इथूनही दिसलं. ते पाकीट नव्हे. त्याच्यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहे, नोटांना लावायची पावडर आहे, साध्या वेशातले पंच आहेत. माझं पाकीट शंभर टक्के कायदेशीर आहे, त्यात दोन्ही बाजूंना सज्जन माणसं असतात. काम करायला लागतो तो खर्च एक. आणि ते काम कोणी, केवढ्याला, कोणत्या अटींवर करायचं हे ठरवायला लागतो तो दुसरा. जाहिरात, छाननी, सल्लागार, वकील, बँक गॅरंटीचं कमिशन, बैठका, एका बैठकीत ठरलेलं पुढच्या बैठकीत फिरवणं, मग कोणीतरी कोर्टातून आणलेली स्थगिती. हे सगळं चौथ्या पाकिटात जातं आणि त्यावर रक्कम लिहिलेली नसते.

कोपऱ्यावर तीस रुपयांना मिळणारी मेथीची जुडी मंडईत वीसला मिळते म्हणून साठ रुपये रिक्षाला घालवणारे एक काका प्रत्येक कुटुंबात असतात. जुडीमागे वाचलेले दहा रुपये ते आठवडाभर सांगतात. रिक्षाचा विषय काढला की म्हणतात, "ते वेगळं."

हे 'वेगळं' हिशोबात धरायला हवं असं रोनाल्ड कोस नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञांनी १९३७ साली एका लेखात मांडलं. बाजारात जाणंसुद्धा फुकट नसतं, एवढीच साधी गोष्ट. त्याबद्दल त्यांना नोबेल मिळालं १९९१ साली. मध्ये चोपन्न वर्षं गेली. विषयाला साजेसा विलंब आहे.

आता उदाहरणाला शौचालय घेऊ. सॅन फ्रान्सिस्को शहरात नोए व्हॅली नावाची एक सुखवस्तू वस्ती आहे. तिथल्या छोट्या चौकात सार्वजनिक शौचालय हवं, अशी लोकांची मागणी होती. शौचालय म्हणजे संकुल नव्हे. एक खोली, एक भांडं, एक बेसिन, क्षेत्रफळ दीडशे चौरस फूट. पाण्याची आणि मैलापाण्याची जोडणी चौक बांधतानाच करून ठेवलेली. तिथल्या आमदारांनी राज्याच्या तिजोरीतून पैसेही मिळवले. ऑक्टोबर २०२२ मध्ये लोकांना कळलं की या कामाचा अंदाजित खर्च १७ लाख डॉलर आहे आणि ते २०२५ साली पूर्ण होईल. तेव्हाच्या भावाने सुमारे चौदा कोटी रुपये. चौरस फुटाला नऊ लाखांच्या वर. मलबार हिलला समुद्र दिसणाऱ्या हॉलचाही एवढा भाव नाही, आणि इथे तर खिडकीसुद्धा उंचावर असणार.

एवढे पैसे लागतात कशाला, असं विचारल्यावर उत्तर आलं त्यात सिमेंट-विटांचा भाग अगदी बेताचा होता. आधी आराखडा. मग वस्तीतल्या लोकांची मतं. मग शहराच्या कला आयोगाची समिती, जी सार्वजनिक इमारतींचं सौंदर्य तपासते. मग उद्यान विभागाचं मंडळ. पर्यावरणाच्या कायद्याखालची तपासणी. वीज कंपनी. मग निविदा, त्यात स्थानिक मजुरांच्या वेतनाचे नियम. दरम्यान बांधकामाचे भाव वाढणार, म्हणून त्या वाढीची तरतूद. ज्याला तातडीने जायचं आहे त्याने २०२५ पर्यंत धीर धरावा.

या यादीला हसणं सोपं आहे, आणि अमेरिकाभर लोक पोटभर हसलेही. पण यातली एकही पायरी वेड्याने बसवलेली नाही. कुणीतरी कधीतरी सार्वजनिक पैशातून भेसूर इमारत उभी केली, म्हणून कला आयोग. कुणीतरी मेहुण्याला काम दिलं, म्हणून निविदा. कुणीतरी मजुरांना लुबाडलं, म्हणून वेतनाचा नियम. सरकारी नियमावली म्हणजे जुन्या भानगडींची वंशावळ असते. प्रत्येक कलमामागे एक मूळपुरुष सापडतो. भानगड करणारे केव्हाच निवृत्त झाले, कलमं मात्र सेवेत कायम आहेत.

पुढची गंमत अशी की बोभाटा झाल्यावर राज्यपालांनी पैसे अडवले, आणि तयार शौचालयं बनवणाऱ्या नेवाडा राज्यातल्या एका कंपनीने एक शौचालय शहराला फुकट देऊ केलं. फुकट! आता तरी प्रश्न मिटावा. पण सॅन फ्रान्सिस्कोने ज्या राज्यांचे कायदे आपल्या मूल्यांना धरून नाहीत अशा तीस राज्यांशी व्यवहार करायचा नाही असं ठरवलेलं, आणि त्या यादीत नेवाडा होतं. म्हणजे दान स्वीकारायचं तरी दात्याचं गोत्र तपासायचं. शिवाय फुकट आलेली वस्तू सरकारदरबारी जमा करून घ्यायलाही ठराव लागतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारा. देणगीत आलेला पंखा छताला लागेपर्यंत दोन उन्हाळे जातात. अखेर एप्रिल २०२४ मध्ये ते शौचालय उघडलं. शहराच्या पदरचे सुमारे दोन लाख डॉलर त्यातही गेलेच. उद्घाटनाला समारंभ झाला. मला यात अमेरिकेबद्दल प्रथमच आपुलकी वाटली.

न्यूयॉर्कमध्ये 'विक्स लॉ' नावाचा जुना कायदा आहे. ठराविक रकमेवरचं सरकारी बांधकाम असेल तर नळकाम, वीजकाम आणि हवा-उष्णतेची यंत्रणा यांची कंत्राटं मुख्य बांधकामापासून वेगळी काढायची. एका इमारतीला चार मक्तेदार, आणि चौघांपैकी कोणीही दुसऱ्याचा नोकर नाही. नळवाल्याने भिंत फोडायची तर ती गवंड्याची भिंत असते. या चौघांना एका जागी आणणं हे काम सरकारकडे. लग्नघरात चार आचारी बोलावणाऱ्या यजमानाची जी अवस्था होते ती मी इथे वर्णन करत नाही.

युरोपियन कमिशनने २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. मोठ्या सरकारी खरेदीच्या एका निविदेमागे सरकारी कार्यालयाचे सरासरी २२ मनुष्य-दिवस जातात आणि निविदा भरणाऱ्या प्रत्येक कंपनीचे १६. सरासरी पाच-सहा कंपन्या भरतात. आता गुणाकार करा. सरकारचे २२ दिवस सगळ्यांना दिसतात, त्याबद्दल लोक सरकारला शिव्याही घालतात. पण कंपन्यांचे मिळून नव्वदीच्या आसपास दिवस जातात आणि त्यातल्या एकीलाच काम मिळतं. उरलेल्यांनी जो घाम गाळला त्याचं काय? तो वाया जात नाही. सहा टेंडरं भरून एक काम मिळवणारा मक्तेदार त्या एका कामाच्या दरात सहांचा खर्च घालतो. न घालून सांगतो कोणाला! म्हणजे हरलेल्या टेंडरांचं बिलही फिरून तुमच्या-आमच्याच दारात येतं, फक्त खडी आणि डांबराच्या नावाने येतं.

डच लोकांनी हा प्रकार उघड्यावर आणायचा ठरवला. हिशोबी माणसं. हॉलंडातल्या मक्तेदारांच्या संघटनांनी रीतसर पद्धत बसवली होती: टेंडर भरण्याआधी इच्छुकांनी एकत्र बसायचं, प्रत्येकाचा टेंडर तयार करण्याचा खर्च मोजायचा, तो सगळ्यांनी आपापल्या दरात मिळवायचा, आणि ज्याला काम मिळेल त्याने हरलेल्यांना तो वाटून द्यायचा. तत्त्व म्हणून यात चूक काढणं मला अजून जमलेलं नाही. हरलेल्या उमेदवाराला जाण्यायेण्याचा खर्च द्यावा, एवढंच ते म्हणत होते. पण काही धंद्यांतली माणसं टेंडरच्या आदल्या दिवशी एका टेबलाभोवती बसली, समोर चहा असो की आणखी काही असो, की ती फक्त प्रवासखर्चावर बोलत नाहीत. 'या वेळचं तू घे, पुढचं मला' हा विषय निघतोच. युरोपियन कमिशनने १९९२ साली या पद्धतीवर बंदी घातली आणि संघटनांना दंड केला.

बंदी आल्यावर डच मक्तेदारांनी काय केलं? तेच, पण वहीत. २००१ साली एका मक्तेदार कंपनीच्या माजी संचालकाने तिच्या चोरवह्या टीव्हीवर आणल्या, तेव्हा देशाने पाहिलं की कोण कोणाचं किती देणं लागतं याचे हिशोब वर्षानुवर्षं व्यवस्थित मांडलेले आहेत. काम सोडल्याबद्दल जमा, काम घेतल्याबद्दल नावे. भिशी म्हणा ना. संसदेने २००२ मध्ये चौकशी समिती बसवली, तिची सुनावणी लोकांनी मालिकेसारखी पाहिली. मग सवलतीच्या दंडाच्या आशेने शेकडो कंपन्या 'आमचंही थोडं होतं' म्हणत स्वतःहून रांगेत येऊन उभ्या राहिल्या. मला कौतुक वाटतं ते हिशोबाच्या शिस्तीचं. आमच्याकडे साखळी केली तर त्यातला हिस्सा तोंडी ठरतो आणि मग निवडणुकीत एकमेकांचे फलक फाटतात.

इटलीने दुसऱ्याच बाजूने विचार केला. सर्वांत कमी दरवाल्याला काम दिलं की तो काम अर्धवट टाकून पळतो किंवा वाळूत सिमेंट मिसळायचं विसरतो. म्हणून तिथे बरीच वर्षं असा नियम होता की आलेल्या दरांची सरासरी काढायची, फार वरचे आणि फार खालचे बाजूला करायचे, आणि ढोबळमानाने सरासरीच्या जवळ जो असेल त्याला काम. मध्यममार्ग! बुद्धाने सांगितलं ते बांधकाम खात्याने ऐकलं. फक्त एक गोष्ट राहून गेली. दर ठरवायचा म्हणजे आता काम मोजायचं नसून इतर लोक काय भरतील हे ओळखायचं. मग टुरिन शहरात मक्तेदारांच्या टोळ्या तयार झाल्या. एकाच टोळीतल्या कंपन्यांनी मुद्दाम वरचे नि खालचे दर टाकायचे, सरासरी आपल्याला हवी तिकडे ढकलायची, आणि बरोबर तिथे आपला एक माणूस उभा करून ठेवायचा. अखेर न्यायालयाने पुष्कळांना शिक्षा केल्या. गणित हा विषय इटालियन शाळांत चांगला शिकवत असले पाहिजेत.

आपल्याकडे एल-वन. सर्वांत खालचा तो पहिला. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात बी-वन टेंडर म्हणजे खात्याचा अंदाजित दर धरून त्याच्या वर किंवा खाली किती टक्के ते सांगायचं, आणि बी-टू म्हणजे एकेका बाबीचा दर स्वतः भरायचा. अंदाजपत्रक दरसूचीवर, दरसूची गेल्या भावांवर, आणि टेंडर मात्र आज. एवढं असूनही मक्तेदार वीस-वीस टक्के 'बिलो' भरतो. सामान्य माणसाला वाटतं हा खुळा आहे किंवा दानशूर आहे. तो दोन्ही नसतो. त्याने नकाशा वाचलेला असतो, आणि नकाशात नाला दाखवायचा राहिला आहे हे त्याला दिसलेलं असतं. काम सुरू झालं की नाला निघतो. नाला निघाला की 'एक्स्ट्रा आयटम' निघतो.

अशा गोष्टींवर दुसरं नोबेल आहे. ऑलिव्हर विल्यमसन, २००९. त्यांचं म्हणणं मराठीत सांगायचं तर करारावर सही होईपर्यंत मक्तेदार साहेबांच्या दाराशी बसलेला असतो, सही झाल्यावर साहेब मक्तेदाराला फोन करत बसतात. खोदलेला रस्ता आणि अर्धा पूल घेऊन सरकार दुसऱ्या कुणाकडे जाणार? कॅलिफोर्नियाच्या महामार्गांच्या कंत्राटांवर अर्थशास्त्रज्ञांनी काढलं की अशा मागाहूनच्या बदलांची, त्यावरच्या घासाघिशीची आणि रुसव्याफुगव्यांची किंमत जिंकलेल्या दराच्या साडेसात ते चौदा टक्के पडते. आणि मक्तेदार शहाणे असल्यामुळे ती ते आधीच दरात धरून ठेवतात. म्हणजे भांडण व्हायच्या आधीच भांडणाचे पैसे दिलेले असतात. मग भांडलं नाही तर उलट नुकसान.

तालुक्याच्या ठिकाणी हल्ली टेंडर भरून देणारा माणूस हा स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. लहान दुकान, दोन संगणक, भिंतीवर दत्ताचा फोटो आणि खिळ्याला टांगलेल्या दहा-बारा मक्तेदारांच्या डिजिटल सह्या. म्हणजे सहीची ती यूएसबी. मालक स्वतः क्वचितच दिसतात. संवाद असे चालतात:

"अण्णा, तुमची सॉल्व्हन्सी संपली."

"मागच्या महिन्यात काढली की रे."

"ती दुसऱ्या डिव्हिजनला. यांना ओरिजिनलचं स्कॅन पाहिजे."

"मग तेच लाव ना."

"त्यावर 'त्याच कामासाठी' असं लिहिलंय. आणि हॉट मिक्स प्लांटचं अंतर?"

"किती पाहिजे त्यांना?"

"आधी चाळीस होतं, शुद्धिपत्रकात तीस केलंय."

इथे अण्णा थोडा वेळ गप्प बसतात. कामापासून तीस किलोमीटरच्या आत डांबराचा प्लांट कोणाचा आहे हे तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अण्णा मग स्टॅम्पपेपरवर आपण काळ्या यादीत नसल्याचं आणखी एक प्रतिज्ञापत्र करायला सांगतात आणि टेंडर भरतातच. का, असं मी एका मक्तेदार स्नेह्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "तीन तरी टेंडरं आली पाहिजेत ना. नाहीतर पुन्हा मुदतवाढ, पुन्हा जाहिरात. आज मी त्यांच्यासाठी, उद्या ते माझ्यासाठी." हॉलंडची वही इथे डोक्यात ठेवतात.

हे झालं दहा-वीस लाखांचं. मोठ्या कामात पाकीट मोठं. मुंबईहून नवी मुंबईला समुद्रावरून जायचा पूल हवा, हे १९६० च्या दशकातल्या वाहतूक अहवालापासून म्हटलं जात होतं. २००८ साली निविदा उघडल्या. पूल बांधून टोल वसूल करायचा आणि कमीत कमी वर्षं जो मागेल तो जिंकला, असा नियम. दोन गट समोर आले, दोन्हींच्या मागे एकाच घरातले दोन भाऊ. धाकट्याच्या गटाने मागितली ९ वर्षं ११ महिने. थोरल्याच्या गटाने ७५ वर्षं. समुद्र तोच, पूल तोच, घराणंही तेच. एवढ्या फरकाचा अर्थ लावण्यापेक्षा निविदा रद्द करणं सोपं होतं. पुढे पुन्हा प्रक्रिया सुरू झाली, छाननी होऊन पाच गट पात्र ठरले, आणि ऑगस्ट २०१३ मध्ये शेवटच्या दिवशी पाचांपैकी एकानेही निविदा भरली नाही. पात्रतेचे सगळे दाखले जोडून, वर्षभर बैठका करून, पत्रिका छापून वराकडचं कोणीच मांडवात आलं नाही. नंतर जपानच्या कर्जावर काम निघालं, २०१७ मध्ये कंत्राटं दिली गेली आणि १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू उघडला. प्रत्यक्ष बांधायला सहा वर्षं. कोणी बांधायचा हे ठरवायला लागलेली वर्षं आधीच सांगितली आहेत.

इंग्रजांना याचं हसू यायचं कारण नाही. खासगी पैशातून सरकारी इमारती बांधायची त्यांची जी योजना होती, तिच्यात २००४ ते २००६ मध्ये मार्गी लागलेल्या प्रकल्पांची निविदा प्रक्रिया सरासरी ३४ महिने चालली, असं त्यांच्याच लेखापरीक्षकांनी काढलं. पावणेतीन वर्षं वकिलांचे मीटर पडत होते. आणि लंडनजवळ थेम्स नदीखालून नवा रस्ता काढायचा तर नुसत्या परवानगीच्या अर्जाची पानं साडेतीन लाखांच्या वर गेली आणि त्या अर्जापायी सुमारे तीस कोटी पौंड खर्च झाले. नॉर्वेने लेर्दाल इथे साडेचोवीस किलोमीटरचा जगातला सर्वांत लांब रस्त्याचा बोगदा २००० साली खणून पूर्ण केला, त्याला याहून कमी पैसे लागले होते. म्हणजे त्या पैशांत नॉर्वेजियन माणूस डोंगराच्या पार गेला आणि ब्रिटिश माणूस परिशिष्टाच्या. त्यांना परवानगी मार्च २०२५ मध्ये मिळाली.

देशोदेशीचं हे चौथं पाकीट एका मापाने मोजता येईल का, असा विचार जागतिक बँकेने केला होता. प्रत्येक देशाचे डोंगर वेगळे, नद्या वेगळ्या, म्हणून त्यांनी सगळ्यांना एकच काल्पनिक रस्ता दिला: २० किलोमीटर, दुपदरी, सपाट, त्याचा वरचा थर नव्याने टाकायचा, किंमत २५ लाख डॉलर. आता सांगा, तुमच्याकडे या कामाची निविदा काढून पैसे हातात पडेपर्यंत किती पायऱ्या, किती दिवस? मुंबईत असो की माद्रिदमध्ये, रस्ता तोच. जगात इतक्या देशांत एकाच वेळी मंजूर झालेला, एकही खड्डा नसलेला आणि ज्यावर कोणी टक्केवारी मागितली नाही असा हा एकमेव रस्ता. तो ज्या अहवालात होता त्या 'डूइंग बिझनेस'चीच आकडेवारी काही देशांच्या बाबतीत फिरवल्याचं उघडकीला आलं आणि बँकेने तो २०२१ मध्ये कायमचा बंद केला.

त्याच्या जागी आता 'बी-रेडी' नावाचा नवा अहवाल आला आहे. सरकारी खरेदी त्यातही तपासतात. कुठल्या देशात कागदपत्रांचा जाच किती, हे शोधण्यासाठी प्रत्येक देशामागे हजाराहून जास्त मुद्द्यांची माहिती भरून घेतात.